डोमेन तुमच्या नावावर, म्हणून नोटीसही तुमच्याच नावावर

प्रश्न : दादरला माझं गिर्यारोहणाच्या साहित्याचं दुकान आहे. ओळखीच्या एका ट्रेकिंग ग्रुपच्या वेबसाइटचा खर्च, म्हणजे डॉट ऑर्ग डोमेन (साइटचा पत्ता) आणि होस्टिंग (साइट ठेवायची भाड्याची जागा), 2019 पासून मी भरतो. बदल्यात प्रत्येक पानावर दुकानाचा बॅनर आणि तळाला 'सौजन्य' म्हणून नाव, असं तोंडी ठरलं होतं. हाताशी काहीतरी असावं म्हणून डोमेन माझ्याच नावावर घेतलं. मार्चमध्ये ग्रुपची नवी कमिटी आली. तिने बॅनर काढला आणि आता डोमेन आमच्या नावावर करा म्हणून मागे लागली आहे. त्यातच फेब्रुवारीतल्या एका लेखात कर्जतच्या ट्रेक आयोजकावर निष्काळजीपणाचा आरोप होता, त्याच्या वकिलाची बदनामीची नोटीस थेट मला आली: पंधरा दिवसांत लेख काढा, माफी मागा, 25 लाख द्या. साइट बंदच करून टाकू का? शिवाय एक नाट्यसंस्था आणि आमच्या गल्लीतलं गणेशोत्सव मंडळ अशाच स्पॉन्सरशिपसाठी विचारत आहेत. त्यांना काय सांगू?

उत्तर : साइट बंद करू नका. नोटिशीचा सगळा डोलारा 'वेबसाइट तुमच्या ताब्यात आहे' या एका वाक्यावर उभा आहे. तुम्ही ती बंद केलीत, की ते वाक्य तुम्हीच खरं करून दिलं. वर कमिटी सायबर पोलिसांकडे जाऊन, आम्हाला आमच्याच यंत्रणेत शिरू दिलं नाही, अशी तक्रार माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 43 आणि 66 खाली करू शकते. ती टिकेल की नाही हे पुढचं पुढे, पण चौकीच्या बाकावर दुकानदाराचा दिवस जातो तो जातोच.

नोटिशीला मात्र लगेच उत्तर द्या. मुदत अंगावर येऊ नये म्हणून पुढचा भाग तुम्हाला आधीच इमेलने कळवला आहे, इथे इतर वाचकांसाठी देते. डॉट कॉम, डॉट ऑर्गसारखी डोमेन विकणाऱ्या कंपन्या आयकॅन या जागतिक संस्थेच्या कराराने बांधलेल्या असतात, आणि त्या करारातल्या अटी तुम्ही डोमेन घेताना न वाचता मान्य केलेल्या असतात. त्यात एक अट अशी: डोमेन तुमच्या नावावर आणि वापर दुसऱ्याचा असेल, तर गैरवापराने होणाऱ्या नुकसानीची जबाबदारी तुमच्यावर येते. सुटका एकच. नुकसानीचा वाजवी पुरावा घेऊन कोणी तुमच्याकडे आलं, तर सात दिवसांत खऱ्या वापरकर्त्याचं नाव आणि संपर्क त्याला द्यायचा. ही अट भारतीय न्यायालयावर बंधनकारक नाही, पण ती पाळल्याचं दाखवता आलं तर तुमची बाजू पुष्कळ स्वच्छ होते. म्हणून उत्तरात लिहा, की साइट अमुक ग्रुप चालवतो, त्यांचा पत्ता हा, लेख मी लिहिलेला नाही, निवडलेला नाही, संपादित केलेला नाही, माझा संबंध खर्च आणि जाहिरातीपुरता. त्याच दिवशी नोटिशीची प्रत कमिटीला पाठवून लेखाबाबत निर्णय घ्यायला लेखी सांगा.

माफी मागू नका. जे केलंच नाही त्याची माफी म्हणजे कबुली. लेखातला आरोप खरा होता आणि तो लोकहितासाठी छापला, हा बचाव बदनामीच्या कायद्यात आहे, पण तो लढवायचा कोणी? लेख लिहिणाऱ्याने आणि छापणाऱ्याने. तुम्ही त्यात शिरायचं कारण नाही. 25 लाखांचंही फार मनावर घेऊ नका. नोटिशीत आकडा टाइप करायला पैसे पडत नाहीत, दाव्यात टाकला की त्यावर कोर्ट फी भरावी लागते. दिवाणी दाव्याची मुदत मजकूर प्रसिद्ध झाल्यापासून एक वर्ष, म्हणजे फेब्रुवारीपर्यंत फाइल जपून ठेवा. फौजदारी तक्रार भारतीय न्याय संहितेच्या कलम 356 खाली होऊ शकते, तिथेही मजकूर कोणी रचला, कोणी प्रसिद्ध केला हेच विचारलं जाईल.

काही वकील तुम्हाला माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 79 चं कवच सुचवतील. दुसऱ्याचा मजकूर नुसता साठवणाऱ्या किंवा वाहून नेणाऱ्या मध्यस्थाला त्या कलमाने संरक्षण आहे, आणि श्रेया सिंघल खटल्यात 2015 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की न्यायालयाचा किंवा सरकारचा आदेश आल्याशिवाय मध्यस्थाने मजकूर काढलाच पाहिजे असं नाही. होस्टिंग तुमच्या खात्यावर आहे, तेव्हा हा मुद्दा उत्तरात जरूर घ्यावा. त्यावर सगळा भार टाकू नका, कारण तुम्ही जोडलेल्या चॅटमध्ये लेख आला त्या रात्रीचा तुमचाच मेसेज आहे: 'लेख जबरदस्त, आपला बॅनर याच्या डोक्यावर घ्या.' साहेब, हा मेसेज समोरच्या वकिलाच्या हाती लागला तर 'मला काय माहीत' हे म्हणता येणार नाही. आणि म्हणून तो डिलीटही करू नका. ग्रुपमधल्या सगळ्यांच्या फोनवर तो आहे, तुम्ही पुसलात तर फक्त तुमचा हेतू दिसेल. तुमचा वकील हा मेसेज वाचूनच उत्तर लिहू दे.

आता कमिटीकडे वळू. डोमेन माझ्या नावावर म्हणजे माझं, असं तुमच्या पत्रात तीनदा येतं. पैसे तुमचे, हे खरं. पण नाव ग्रुपचं आहे, लोक त्या नावाने ग्रुपला ओळखतात. भारतात डोमेनसाठी स्वतंत्र कायदा नाही, तरी सत्यम इन्फोवे खटल्यात 2004 साली सर्वोच्च न्यायालयाने डोमेनला व्यापारचिन्हासारखंच संरक्षण मिळू शकतं असं ठरवलं. उद्या ग्रुप न्यायालयात गेला तर नोंदणीची पावती तुम्हाला फार दूर नेणार नाही. चाळीतली खोली कागदावर तुमची, राहतात दुसरेच, आणि पालिकेची नोटीस तुमच्या दाराला, अशी ही अवस्था आहे. संरक्षण म्हणून घेतलेली गोष्ट तुमची जोखीम झाली आहे, ती उतरवायलाच हवी. फुकट मात्र उतरवू नका.

तोंडी करार वैध असतो. वर्षानुवर्षं भरलेली बिलं, पानांवर दिसलेला बॅनर, व्हॉट्सअॅपवरची बोलणी, यातून तो सिद्ध होऊ शकतो. स्क्रीनशॉट न्यायालयात द्यायचे तर 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 प्रमाणे प्रमाणपत्र लागतं, हे वकिलाला आठवून द्या. पण भरपाई किती मिळणार? बॅनर निघाल्याने अमुक गिऱ्हाईक तुटलं हे दाखवणं जवळपास अशक्य, म्हणजे हाती येईल ते उरलेल्या महिन्यांच्या खर्चाएवढं. त्यासाठी दिवाणी न्यायालयाच्या पायऱ्या झिजवायला मी तरी सांगणार नाही.

त्याऐवजी सौदा करा. डोमेन आणि होस्टिंग दोन्ही ग्रुपच्या खात्यावर जाईल, बदल्यात त्यांनी लिहून द्यायचं: या लेखासह साइटवरच्या कोणत्याही मजकुरामुळे तुमच्यावर काही आलं तर भरपाई आणि वकिलाचा खर्च आमचा, पैसे भरलेल्या मुदतीपर्यंत बॅनर परत लावू किंवा तेवढी रक्कम परत करू, तुमचं नाव साइटवर कुठे राहील हे तुम्ही सांगाल तसं. करार कायद्याच्या कलम 124 खालची ही हमी जितकी सही करणारा भक्कम तितकीच भक्कम. ग्रुप नोंदणीकृत संस्था असेल तर महाराष्ट्रात ती बहुधा सार्वजनिक न्यास म्हणूनही नोंदलेली असते. वरळीच्या धर्मादाय आयुक्त कार्यालयातून परिशिष्ट 1 चा उतारा काढा आणि त्यावर विश्वस्त म्हणून कोणाची नावं आहेत ते पाहा. मार्चमध्ये निवडून आलेल्या कमिटीचा चेंज रिपोर्ट (विश्वस्त बदलल्याची नोंद करायचा अर्ज) अजून पडून असण्याची शक्यता बरीच, तेव्हा जुने आणि नवे, दोघांच्याही सह्या घ्या. नोंदणी नसेल तर ग्रुपला कायद्याच्या दृष्टीने वेगळं अस्तित्व नाही, पदाधिकाऱ्यांनी वैयक्तिक सही करावी. कागद 500 रुपयांच्या स्टॅम्प पेपरवर. शंभराचा जमाना ऑक्टोबर 2024 मध्ये संपला. आणि डोमेन कंपनी न बदलता त्याच कंपनीतल्या त्यांच्या खात्यात सरकवा, कारण नोंदणीदाराचं नाव बदललं की साधारण 60 दिवस ते दुसऱ्या कंपनीकडे हलवता येत नाही आणि मग पुन्हा तुमच्याच नावाने ओरड होते.

सही होईपर्यंत रिन्यूअल चुकवू नका, कितीही चीड आली तरी. मुदत संपून सोडवणुकीचा, म्हणजे पैसे भरून नाव परत मिळवायचा, काळही उलटला की कोणीही ते नाव घेऊ शकतं, आणि ट्रेकिंगच्या जुन्या नावावर सट्ट्याची साइट उभी राहिली तर तुमचा जुना 'सौजन्य' उल्लेख लोकांच्या लक्षात असतोच.

नाट्यसंस्थेला हो म्हणायला हरकत नाही, पण डोमेन पहिल्या दिवसापासून त्यांच्या नावावर, त्यांच्या इमेलवर. तुम्ही फक्त बिल भरा, तेही एका वर्षाचंच. दहा वर्षांचं एकदम भरून दिलंत तर पुढच्या कमिटीला तुमची गरज उरत नाही. दर वर्षी येणारं रिन्यूअल हीच तुमची खरी पकड. दोन पानी करारात बॅनर कुठे, किती मोठा, मोबाइलवर दिसणार का, शेजारी दुसऱ्या दुकानाची जाहिरात चालेल का, एवढं नेमकं लिहा. सगळ्यात महत्त्वाचं कलम असं: मजकुरावर तुमचं कोणतंही नियंत्रण नाही, आणि तुम्ही लेखी सांगितल्यापासून 24 तासांत तुमचं नाव व बॅनर उतरवला जाईल. पैशांच्या ऑनलाइन खेळांच्या जाहिराती साइटवर येणार नाहीत, हेही घाला. 2025 च्या केंद्रीय कायद्याने त्या जाहिरातींवरही बंदी आणली आहे आणि त्या पंगतीत तुमचा बॅनर बसायला नको. लिंकला 'स्पॉन्सर्ड' अशी खूण लावायला त्यांच्या वेबवाल्याला सांगा, नाहीतर पैसे देऊन मिळवलेली लिंक म्हणून गूगलमध्ये तुमचीच साइट मागे पडायची. जीएसटीत वस्तुविनिमयही पुरवठाच धरला जातो, म्हणून बिल कोणाच्या नावे फाडायचं ते सीएला विचारून घ्या.

मंडळाचं काय? नोंदणी आहे का विचारा. नसेल, आणि अध्यक्ष-सचिव वैयक्तिक सही करायला कां कू करत असतील, तर डोमेनच्या भानगडीत पडू नका, त्याच पैशात त्यांच्या कमानीवर जाहिरात घ्या. पालिकेची परवानगी त्यांनी काढलेली असेल तर, आणि पावती घेऊन.