रेडिओ सुरू करू द्या, 40 हजार मात्र थांबवा

प्रश्न : माझा मुलगा नेरूळच्या एका कॉलेजात बी.एस्सी. आयटीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मित्रांबरोबर कॉलेजचा इंटरनेट रेडिओ सुरू करतो म्हणतो, माइक-मिक्सरसाठी 40 हजार मागतो. अभ्यास बुडेल का? यातून नोकरी मिळते का?
– एक आई, कोपरखैरणे

उत्तर : ताई, त्याला नाही म्हणू नका. पैसे मात्र आत्ताच देऊ नका.

एफएमवर यायला केंद्र सरकारचा परवाना, ट्रान्समीटर, अँटेना असं सगळं लागतं. इंटरनेटवर फ्रिक्वेन्सीच घ्यावी लागत नाही. आइसकास्ट हे सर्व्हरचं सॉफ्टवेअर फुकट आहे. 64 केबीपीएसवर (म्हणजे सेकंदाला 64 किलोबिट या वेगाने) एका श्रोत्याला तासाला साधारण 29 एमबी डेटा जातो, शंभर जण ऐकत असतील तर जवळपास 3 जीबी. हा हिशेब मांडणं, स्ट्रीम तुटली की कारण शोधणं, हा त्याच्या आयटीचाच अभ्यास आहे.

मुलं अडकतात ती गाण्यांपाशी. ॲपवर पैसे भरून गाणं ऐकता येतं, प्रसारित करता येत नाही. शब्द-चालीचे हक्क वेगळे, रेकॉर्डिंगचे वेगळे. रेडिओ केंद्रांना कॉपीराइट कायद्याच्या कलम 31-डने ठरवून दिलेले पैसे भरून गाणी वाजवण्याची जी सोय मिळते, ती इंटरनेटवरच्या सेवांना नाही, असा निकाल मुंबई उच्च न्यायालयाने 2019 मध्ये दिला. म्हणून सिनेमाची गाणी विसरायला सांगा.

मग वाजवायचं काय? ताई, तुम्ही राहता त्या भागात शहराच्या आधीची आगरी-कोळी गावं आहेत. लग्नात धवले गाणाऱ्या धवलारिणी आहेत, सिडकोला जमीन गेली तेव्हाचं सांगणारे आजोबा आहेत. ही माणसं आज बोलती केली नाहीत तर पुढे कोण सांगणार? रेकॉर्डिंगआधी प्रत्येकाची परवानगी घ्यायची आणि तीही रेकॉर्ड करून ठेवायची. मोबाइल आणि साधा कॉलर माइक पुरतो. खोलीत दोन गोधड्या टांगल्या की आवाज घुमत नाही.

नोकरीचं स्पष्ट सांगते. आरजेच्या, म्हणजे रेडिओवरच्या निवेदकाच्या जागा मोजक्या असतात, त्या भरवशावर राहू नये. पण पॉडकास्टचं संपादन, ऑडिओबुक, सर्व्हर सांभाळणं, या कामांसाठी तुमच्या मुलाला वर्षभराचं केलेलं काम दाखवता येईल. मुलाखतीत ते खूप उपयोगी पडतं.

अभ्यासासाठी एवढी अट घाला : आठवड्याला एकच तास लाइव्ह, बाकी आधी रेकॉर्ड केलेलं, परीक्षेच्या महिनाभर आधी सगळं बंद. कॉलेजचं नाव वापरायचं तर प्राचार्यांची लेखी परवानगी हवी. आणि पहिल्या वर्षाची दोन-तीन मुलं आत्ताच सोबत घ्यायला सांगा, नाहीतर हे तिसऱ्या वर्षातून बाहेर पडले की रेडिओ बंद पडेल.

आधी मोबाइलवर चार भाग पूर्ण करू देत. ते वेळेवर झाले तर एक बरा माइक घेऊन द्या. पहिला भाग धवल्यांचा झाला तर मला जरूर पाठवा, मी ऐकणार आहे.