फोनवर आधी काय सांगायचं?

प्रश्न : कोथरूडमध्ये मी ज्येष्ठांना बोलण्यापुरतं इंग्रजी शिकवते. बरेच जण मुलांकडे अमेरिकेला जाणारे. दुखण्यांची इंग्रजी नावं सगळ्यांना पाठ आहेत, पण ९११ला, म्हणजे तिथल्या तातडीच्या मदतीच्या नंबरला, फोन करण्याचा सराव घेतला की भल्याभल्यांची बोबडी वळते. काय करू?

उत्तर : शब्द पुरे झाले, ताई. आता क्रम शिकवा. आपल्याकडे आजाऱ्याची हकीकत सकाळपासून सुरू होते : रात्री झोप नव्हती, चहा नको म्हणाले, मग आंघोळीला गेले... फोन घेणाऱ्याला आधी पत्ता हवा असतो, कारण मधेच फोन तुटला तरी गाडी निघाली पाहिजे. तेव्हा सुरुवातीला फक्त पत्ता घोटून घ्या. पुणेकरांना तोच जड जातो. भिकारदास मारुतीवरून डावीकडे, असं सांगण्यात हयात गेलेली! तिकडे घराचा नंबर आधी, मग रस्ता, अपार्टमेंट, गाव. नंबरातला आकडा न् आकडा सुटा म्हणायचा. पुस्तकातला पत्ता नको, ज्याच्या-त्याच्या मुलाचा खराच घ्या.

मग काय झालं ते एका वाक्यात. ‘ही हॅज चेस्ट पेन’, ‘शी कान्ट ब्रीद’. व्याकरण सुधारत बसू नका, ‘हजबंड फॉल, नो टॉकिंग’ एवढ्यावरही गाडी येते. पुढे ‘इज ही अवेक?’, ‘इज ही ब्रीदिंग?’ असे प्रश्न येतात. ते कानावर पडायला हवेत, म्हणून जोडीला पाठीला पाठ लावून बसवा. समोरासमोर बसले की हातवारे मदतीला येतात.

पक्षाघाताचा सराव वेगळा घ्या. तोंड एका बाजूला वाकडं, एक हात उचलत नाही, बोलणं अडखळतंय, हे तर सांगायचंच. शिवाय माणूस शेवटचा धड कधी होता ती वेळही. उपचार त्यावर ठरतात. सकाळच्या हकीकतीतलं एवढंच कामाचं.

अगदीच सुचेना तर ‘मराठी, इंटरप्रिटर प्लीज’ म्हणायचं. बऱ्याच ठिकाणी दुभाष्याला फोनवर जोडून घेतात, मराठी नाही तर हिंदी तरी मिळते. तोवर फोन ठेवायचा नाही.

पहिली फेरी मात्र मराठीतच होऊ द्या, इथल्या १०८ला फोन केल्यासारखी. खरा नंबर सरावात कुणी फिरवू नये. तिकडे ९११ चुकून लागलाच, तर तसाच न ठेवता ‘सॉरी, बाय मिस्टेक’ सांगायचं. नाहीतर ते उलट फोन करतात, कधी पोलीसही दारात येतात.