थाई भाषेत ‘ॲनोरेक्सिया’ला दोन नावे का?

प्रश्न असा आहे : खाण्यासंबंधीच्या मानसिक आजारांची माहितीपत्रके इंग्रजीतून थाई भाषेत नेताना ‘ॲनोरेक्सिया नर्व्होसा’ या, वजन वाढण्याच्या भयापोटी खाणे टाळण्याच्या आजाराला कुठे ‘रोक बुअ आहान’, तर कुठे ‘रोक ख्लांग फॉम’ म्हटलेले आढळते. ‘रोक’ म्हणजे रोग आणि ‘आहान’ म्हणजे आहार हे मराठी वाचकाला ओळखू येते. पण एकाच आजाराला दोन नावे का, त्यांतले योग्य कोणते, आणि मराठीत वापरला जाणारा ‘क्षुधानाश’ हा शब्द त्यांच्या पंक्तीला बसतो का?

ओळख पटते ती खरीच आहे. थाई भाषेने संस्कृत आणि पाली या दोन्हींमधून भरपूर शब्द घेतले, आणि विसाव्या शतकात प्रिन्स वान वैथयाकॉन यांच्यासारख्या विद्वानांनी आधुनिक संकल्पनांसाठी याच भांडारातून नवे शब्द घडवले. शब्दाच्या शेवटी येणाऱ्या ‘र’चा उच्चार थाई माणूस ‘न’ असा करतो आणि शेवटच्या ‘ग’चा ‘क’ होतो, म्हणून लेखनात ‘आहार’ आणि ‘रोग’ शाबूत असले तरी कानावर ‘आहान’ आणि ‘रोक’ पडतात. क्रियापदाचे नाम करण्यासाठी लागणारा ‘कान’ हा आपला ‘कार’ आहे, ‘सुक्खफाप’ म्हणजे आरोग्य यात ‘सुख’ आणि ‘भाव’ आहेत, आणि मनोविकारतज्ज्ञाला म्हणतात त्या ‘चित्तफेत’ या शब्दात ‘चित्त’ आणि ‘वैद्य’ आहेत.

मात्र या ओळखीवर विसंबून अर्थ लावणे धोक्याचे आहे. थाई भाषेत ‘आकान’, म्हणजे मुळातला ‘आकार’, हा रोगाच्या लक्षणासाठी वापरतात. ‘फयाथि’ हा आपला ‘व्याधी’, पण आजच्या बोलण्यात त्याचा अर्थ पोटातले जंत असा होतो. ‘वितोक’ हा ‘वितर्क’, पण त्याचा अर्थ काळजी, चिंता. ‘पकति’ म्हणजे ‘प्रकृती’ हा शब्द तर आपल्या प्रश्नाच्या मुळाशीच आहे. मराठीत ‘प्रकृती कशी आहे?’ असे विचारले की आपण तब्येत विचारतो. थाईत ‘पकति’ म्हणजे नेहमीसारखे, सर्वसामान्य. ‘ईटिंग डिसऑर्डर’साठी थाईत रूढ असलेले ‘रोक कान किन फित पकति’ हे नाव म्हणूनच ‘खाणे नेहमीच्या रीतीला सोडून गेल्याचा रोग’ असे उलगडते. ‘किन’ म्हणजे खाणे आणि ‘फित’ म्हणजे चुकलेले. हे दोन्ही अस्सल थाई शब्द आहेत.

आता त्या दोन नावांकडे. ‘बुअ’ म्हणजे कंटाळणे, विटणे. ‘बुअ आहान’ म्हणजे अन्नावरची वासना उडणे. ताप आला, कर्करोगावरचे औषधोपचार चालू असले किंवा म्हातारपणी जेवण जाईनासे झाले, तर थाई डॉक्टर हाच शब्द वापरतात, आणि तेथे तो अगदी योग्य आहे. इंग्रजीतही नुसत्या ‘ॲनोरेक्सिया’चा वैद्यकीय अर्थ तेवढाच आहे, कारण मूळ ग्रीक शब्दात ‘अन्’ हा नकार आणि ‘ओरेक्सिस’ म्हणजे इच्छा, भूक. गोंधळ झाला तो १८७४ साली लंडनचे डॉक्टर विल्यम गल यांच्या निबंधातून ‘ॲनोरेक्सिया नर्व्होसा’ हे नाव रूढ झाले तेव्हापासून. या आजारातल्या माणसाला बहुधा भूक लागते, आणि पुष्कळदा दिवसभर मनात अन्नाचेच विचार घोळत असतात. तो ती भूक वजन वाढण्याच्या तीव्र भयापोटी दाबून ठेवतो. म्हणजे मूळ नावच आजाराचे चुकीचे वर्णन करते, आणि ‘रोक बुअ आहान’ म्हणणारा भाषांतरकार ग्रीक शब्दाशी प्रामाणिक राहून रुग्णाशी अप्रामाणिक होतो. याचा परिणाम व्यवहारात दिसू शकतो. मुलीला ‘बुअ आहान’ झाले आहे असे ऐकणारी आई तिच्यासाठी भूक वाढवणारे टॉनिक आणेल, आवडीचे पदार्थ करील, आणि तरीही मुलगी जेवत नाही म्हणून रागावेल. मानसोपचाराची गरज आहे हे त्या नावातून तिला कळण्याचा मार्गच नाही.

दुसरे नाव नेमके येथे मदतीला येते. ‘फॉम’ म्हणजे बारीक, कृश, आणि ‘ख्लांग’ म्हणजे एखाद्या गोष्टीपायी वेडे होणे, तिने झपाटले जाणे. ‘रोक ख्लांग फॉम’ म्हणजे बारीक होण्याच्या वेडाचा रोग. हे नाव बोट बरोबर मनावर ठेवते, ऐकताक्षणी समजते, आणि सामान्य थाई माणूस माहिती शोधताना हेच शब्द वापरतो. पण ‘ख्लांग’ या शब्दाला दोषाचा वास आहे. एखाद्या नटाच्या किंवा संघाच्या मागे वेडे झालेल्यांनाही हाच शब्द लागतो, त्यामुळे हा रोग म्हणजे दिखाऊपणाची हौस आहे आणि मनात आणले तर सोडता येईल, असा सूर त्यातून उमटतो. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या निदानसंहितेच्या २०१३ सालच्या पाचव्या आवृत्तीत या आजाराच्या निकषांतून ‘वजन राखण्यास नकार’ ही आधीची शब्दयोजना काढून टाकण्यात आली, कारण ‘नकार’ म्हटले की रुग्ण हे मुद्दाम करतो असे सूचित होते. इंग्रजीने जो दोषारोप प्रयत्नपूर्वक पुसला, तो थाई नावाच्या वाटेने परत येऊ नये, ही काळजी भाषांतरकाराने घ्यायला हवी.

‘बुलिमिया’च्या लोकप्रिय थाई नावाबद्दल माझे मत अधिक कठोर आहे. ‘रोक लुअंग खॉ’ म्हणजे घशात बोटे घालण्याचा रोग. १९७९ साली ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञ जेरल्ड रसेल यांनी या आजाराचे वेगळे वर्णन केले, त्यात आवर न घालता येणारे खाणे आणि नंतर त्याची भरपाई करण्याची धडपड हे दोन्ही भाग आहेत. ती भरपाई जुलाबाच्या औषधांनी, उपाशी राहून किंवा अति व्यायामानेही होते. थाई नाव त्यातली एकच कृती उचलते, म्हणून ती कृती न करणारा रुग्ण ‘मला हा आजार नाही’ असे समजून निर्धास्त राहतो. शिवाय अशा पत्रकांत कृतीचे तपशील देऊ नयेत हा या क्षेत्रातला मान्य संकेत आहे, आणि येथे तर ती कृती मथळ्यातच छापली जाते. त्यामानाने ‘बिंज ईटिंग डिसऑर्डर’ला दिलेले ‘रोक किन माइ युत’, म्हणजे ‘खाणे थांबत नाही असा रोग’, हे नाव मला फार चांगले वाटते. ‘थांबवत नाही’ आणि ‘थांबत नाही’ यांतला भेद मराठी वाचकाला सांगायला नको.

तेव्हा प्रश्नाच्या मुख्य भागाचे उत्तर असे : मथळ्यात ‘रोक कान किन फित पकति’ हे व्यापक नाव ठेवावे, विशिष्ट आजारासाठी ‘ॲनोरेक्सिया’ आणि ‘बुलिमिया’ हे शब्द थाई लिपीत तसेच लिहावेत, आणि लोकांच्या तोंडी असलेली नावे पहिल्या परिच्छेदात एकदा नोंदवून पुढे वापरू नयेत. ‘बुअ आहान’ हा शब्द फक्त भूक मंदावण्याच्या लक्षणासाठी राखून ठेवावा.

नाव ठरले तरी पत्रकाचे भाषांतर होत नाही, कारण थाई भाषेत जेवण आणि शरीर यांविषयी बोलण्याची रीतच वेगळी आहे. जेवणे या क्रियेला ‘किन खाओ’ म्हणतात, शब्दशः ‘भात खाणे’. ‘किन खाओ रु यांग’, म्हणजे ‘जेवलात का?’, ही आपल्यासारखीच तिथेही आपुलकीची विचारपूस आहे. प्रश्नावलीत ‘तुम्ही जेवण टाळता का?’ याचे भाषांतर ‘किन खाओ’ वापरून केले, तर फक्त भात सोडलेली आणि बाकी नीट खाणारी व्यक्ती ‘हो’ म्हणेल. तेथे एका वेळचे जेवण या अर्थाचा ‘मुअ’ हाच शब्द हवा. ‘आपल्या ताटातला वाटा’ ही इंग्रजी कल्पनाही तशीच अडते, कारण भात ज्याचा त्याच्या ताटलीत असला तरी ‘काप खाओ’, म्हणजे भातासोबतचे पदार्थ, मध्ये ठेवून सगळे मिळून खातात. थायलंडच्या अधिकृत आहारमार्गदर्शनात टांगलेल्या त्रिकोणी पताकेचे चित्र असते आणि भाताचे माप ‘थप्फी’त, म्हणजे भात वाढायच्या डावात, दिलेले असते. हा ‘थप्फी’ पालीतल्या ‘दब्बी’वरून, म्हणजे संस्कृतातल्या ‘दर्वी’वरून आला. परदेशी कपांऐवजी हेच माप घरात कळते.

शरीराबद्दलचे शब्द तर आणखी नाजूक आहेत. ‘उअन’ म्हणजे लठ्ठ. पण हे कित्येकांचे लाडाचे टोपणनाव असते, तसेच ‘मू’, म्हणजे डुक्कर, हेही. ‘उअन थुअन सोमबून’ या जोडशब्दात गुटगुटीत आणि निरोगी हे एकच मानले आहे, आणि त्यातला ‘सोमबून’ म्हणजे आपला ‘संपूर्ण’. भेटताक्षणी ‘जाड झालीस गं’ म्हणणे तेथे उद्धटपणाचे समजले जात नाही, जसे आपल्याकडेही लग्नकार्यात समजले जात नाही. म्हणून ‘वजनावर शेरे मारू नका’ या इंग्रजी सूचनेचे नुसते शब्दांतर केले, तर थाई वाचकाला ती आपल्याला लागू आहे असे वाटणारच नाही. नेहमीची दोन-तीन वाक्ये उदाहरणादाखल देऊन ‘हेही म्हणू नका’ असे लिहावे लागते.

आकडेही डोळे मिटून उचलू नयेत. इंग्रजी पत्रकांत बॉडी मास इंडेक्स, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचे माप, २५ पासून जादा वजन मानतात, तर आशियाई लोकांसाठी २३ पासून सावध राहावे असे जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञगटाने २००४ साली सुचवले. पण या आजारांच्या पत्रकात कोणताही आकडा न घालणेच मला योग्य वाटते, कारण आजारी वाचक त्याला उद्दिष्ट मानतो.

राहिला ‘क्षुधानाश’. तो ‘बुअ आहान’चाच सख्खा भाऊ आहे आणि त्याच कारणासाठी नाकारावा. आयुर्वेदातला ‘अरोचक’ही तोंडाला चव नसण्याचा आहे, आणि ‘भस्मक’ हा जठराग्नी भडकल्याचा, त्यामुळे तो बुलिमियाला लावता येत नाही. ‘आहारविकार’ हा शब्द सुटसुटीत खरा, पण चुकीच्या आहाराने होणारा रोग असा त्याचा अर्थ सहज लागतो. ‘खाण्याशी निगडित मानसिक आजार’ हे लांबट नाव मी पसंत करीन, कारण त्यात ‘मानसिक’ हा शब्द उघडपणे येतो. आणि भाषांतर करताना मूळ पत्रकातला मदतीचा फोन क्रमांक तसाच राहू देऊ नये : थाई पत्रकात तेथील मानसिक आरोग्य विभागाचा १३२३ हवा, आणि मराठी पत्रकात टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेचा १४४१६.