शिट्टी आणि शंका : रशियाचं २००८ साल

प्रश्न : तुम्ही या सदरात दर दोन-तीन अंकांनी २००८ सालचा रशिया काढता. माझा नातू म्हणतो, रशियात बुद्धिबळ नि आइस हॉकी, फुटबॉल कुठला? त्या वर्षी असं झालं तरी काय? आणि झेनित या रशियन क्लबनं युरोपात कप नेला, तर घरच्या लीगमध्ये ती पाचवी कशी?
— एक केळीबागायतदार, रावेर

उत्तर : नातवाला शेजारी बसवूनच वाचा, भाऊ. त्या मे महिन्यात सेंट पीटर्सबर्गच्या झेनितनं मँचेस्टरमध्ये स्कॉटलंडच्या रेंजर्सला २-० हरवून यूएफा कप नेला, म्हणजे युरोपातल्या क्लबांचा चॅम्पियन्स लीगखालचा चषक. त्याआधी उपांत्य फेरीत घरच्या मैदानावर जर्मनीच्या बलाढ्य बायर्न म्युनिकला ४-०. बायर्नला चार! मला छपाईची चूक वाटली. स्टेशनवर जाऊन दुसरा पेपर घेतला, तिथंही चारच. ऑगस्टमध्ये मँचेस्टर युनायटेडला २-१ हरवून सुपर कपही घेतला.

मधे जूनमध्ये युरो, म्हणजे युरोपातल्या देशांची स्पर्धा. पहिल्याच सामन्यात स्पेननं रशियाला ४-१ धुतलं. झेनितचाच हुकमी खेळाडू आर्शाविन बंदीमुळे पहिले दोन सामने बाहेर होता. तो परतला, स्वीडनला २-० घरी पाठवलं, आणि २१ जूनला बाझलमध्ये समोर हॉलंड. रशियाचा प्रशिक्षक गुस हिडिंक स्वतः डच. (झेनितचा डिक अ‍ॅडव्होकाटही डचच.)

आपल्याकडे रात्रीचे सव्वाबारा. मी तेव्हा भुसावळला गार्ड होतो, घरचे झोपलेले, म्हणून टीव्हीचा आवाज बंद. पावलुचेन्कोच्या गोलानं रशिया पुढे होता. ८६व्या मिनिटाला निस्टलरॉयनं हेडर मारून बरोबरी केली आणि गल्लीतली लाईट गेली. गच्चीवर जाऊन बसलो. शेजारच्या खाटेवरून आवाज आला, "काय झालं भो?" म्हटलं, "एक-एक." "एका रनावर एकच विकेट ना, मग झोप की," म्हणून गडी कुशीवर वळला. पावणेतीनला लाईट आली तेव्हा पडद्यावर ३-१. ११२व्या मिनिटाचा तोर्बिन्स्कीचा आणि ११६व्या मिनिटाचा आर्शाविनचा, हे दोन्ही गोल मी नंतरच पाहिले. अजून हळहळ वाटते.

आता तुमची शंका. तेव्हा रशियाची लीग मार्चमध्ये सुरू होऊन नोव्हेंबरात संपायची, कारण हिवाळ्यात मैदानं गोठतात. बाकी युरोपात ती ऑगस्टच्या सुमारास सुरू होऊन मेमध्ये संपते. तुम्हाला काय सांगायचं, केळी तीच, पण पावसाळ्याच्या सुरुवातीला लावलेल्या मृगबागेचं गणित वेगळं नि पावसाळा सरताना लावलेल्या कांदेबागेचं वेगळं. जूनमध्ये डच खेळाडू वर्षभराचा मोसम संपवून दमलेले, रशियाचे नुकते रंगात आलेले. जादा वेळेत ते दिसलंच. पण ताज्या पायांवरच सगळं भागत असतं, तर पाचच दिवसांनी व्हिएन्नात स्पेननं त्यांना ३-० नमवलं नसतं.

झेनितचं दुखणं उलटं. यूएफा कपची बाद फेरी फेब्रुवारीत, म्हणजे त्यांची लीग सुरू व्हायच्या आधी. लीग सुरू झाली तेव्हा अर्धं लक्ष युरोपात, कप आल्यावर युरो, मग सुपर कप, मग चॅम्पियन्स लीग. घरचं शेत कोण बघणार? तिकडे कझानच्या रुबिननं कुर्बान बेर्दिएव्हच्या हाताखाली गुपचूप पहिलंवहिलं विजेतेपद काढून घेतलं. मला विचाराल तर त्या वर्षाचा खरा मानकरी रुबिन, पण त्याची आठवण कुणी काढत नाही. पुढं २०११-१२ चा मोसम दीड वर्ष लांबवून रशियानंही बाकी युरोपसारखं वेळापत्रक धरलं.

प्रश्न : रशियाचे संघ आता युरोपच्या स्पर्धांत का नसतात?
— एक विद्यार्थिनी, नंदुरबार

उत्तर : युक्रेनवरच्या आक्रमणानंतर फेब्रुवारी २०२२ मध्ये फिफा (जागतिक फुटबॉल संघटना) आणि यूएफानं (युरोपची संघटना) त्यांना बाहेर काढलं. घरची लीग चालूच राहिली. झेनितनं २०१९ ते २०२४ सलग सहा वेळा ती जिंकली आणि २०२५ मध्ये क्रास्नोदारनं त्यांना मागं टाकलं. पहिल्यांदाच जिंकली ती पोरं.