उरलेलं लग्नाचं जेवण आणि आंबलेला भात

प्रश्न : रत्नागिरीजवळ आमचं मंगल कार्यालय आहे. दुपारी उरलेलं जेवण संध्याकाळी वृद्धाश्रमात पाठवतो, पण भात दोनदा आंबूस निघाला. काय चुकतं?

उत्तर : संध्याकाळपर्यंत थांबणं, हेच. 5 ते 60 अंशांमध्ये जंतू झपाट्याने वाढतात आणि झाकलेल्या मोठ्या टोपातला भात मधोमध तासन्‌तास कोमट राहतो. भातातल्या बॅसिलस सेरियस या जंतूचे बीजाणू शिजवूनही तगतात. त्यांच्यापासून वाढलेल्या जंतूंचं उलटी आणणारं विष पुन्हा गरम करूनही जात नाही. त्यामुळे ‘एक वाफ काढली की झालं’ हे विसरा.

आश्रमाला सकाळीच अंदाज कळवा. शेवटची पंगत बसताच न वाढलेलं अन्न वेगळं काढा आणि वाफाळतं असतानाच झाकणाच्या उष्णतारोधक डब्यांत भरून तासाभरात पोचवा. गाडी नसेल तर भात परातींत दोन बोटं जाडीचा पसरा, निववा, लगेच फ्रिजमध्ये ठेवा. ओल्या खोबऱ्याच्या वाटणाची उसळ आणि सोलकढी मात्र उरवूच नका. आपल्या दमट हवेत ती आधी उतरते. ताटातलं, पंगतीत फिरलेल्या भांड्यातलं तर नाहीच.

डब्यावर पदार्थ, शाकाहारी-मांसाहारी, शिजवल्याची वेळ लिहा. उरलेल्या अन्नवाटपासाठी 2019ची केंद्रीय नियमावली आहे, तीही चाळा.