रडला तर टाके तुटतील का?

जांघेतल्या हर्नियाचं ऑपरेशन होऊन चौथा दिवस. साडेचार वर्षांचा मुलगा जमिनीवर पाय टेकवायला तयार नव्हता, शू आली तरी दाबून धरायचा. सर्जनच्या मते जखम उत्तम होती. आईला एकच धास्ती: "रडला की पोटावर जोर येतो हो. टाके तुटले तर?"

हेच वाक्य घरात दिवसभर त्याच्या कानावर पडत होतं. रडू नकोस, टाके तुटतील. उतरू नकोस, टाके तुटतील. त्याने ते शब्दशः घेतलं: हललो की पोट उघडणार.

रडण्याने हे टाके तुटत नाहीत. लहान मुलांच्या या हर्नियात स्नायू फाटलेला नसतो. पोटातून जांघेत उतरणारी, जन्माच्या सुमारास मिटायला हवी ती वाट उघडी राहिलेली असते. सर्जन तिथली पिशवी मुळाशी बांधतात. जाळी लागत नाही.

खरा घोळ औषधात होता. पॅरासिटॅमॉल सिरप ५ मिलीत १२० मिग्रॅ आणि ५ मिलीत २५० मिग्रॅ असं दोन्ही मिळतं. किलोमागे १५ मिग्रॅ धरले तर १६ किलोच्या मुलाला २४० मिग्रॅ हवं. चिठ्ठीत २५० चं सिरप, ५ मिली. घरात मात्र जुनी १२० ची बाटली. म्हणजे डोस अर्धाच, तोही रडल्यावर. (उलट झालं असतं तर दुप्पट गेला असता, ते जास्त वाईट.) सर्जनना विचारून दोन दिवस घड्याळ लावून दिलं: सहा तासांचं अंतर, दिवसात जास्तीत जास्त चार वेळा.

मग टेडीच्या जांघेत चिकटपट्टी लावली. टेडी रडला, चालला, शूला गेला. पट्टी जागच्या जागी. औषधानंतर पाऊण तासाने मुलाने दारापर्यंत पाच पावलं टाकली. शूच्या वेळी पायांवर कोमट पाणी. कुंथावं लागू नये म्हणून भरपूर पाणी, पपई, भिजवलेल्या मनुका. सहाव्या दिवशी घंटागाडी बघायला तो आपणहून गॅलरीत गेला.

अंडकोशावर थोडी सूज, निळसरपणा किंवा व्रणाखाली हाताला कडक वळ लागणं नेहमीचं. पण १०१ च्या वर ताप, पसरणारी लाली, पू, सतत उलट्या, आठ तास शू नाही किंवा जांघेत घट्ट, दुखरा फुगवटा दिसला, तर लगेच हॉस्पिटल गाठायचं.

सर्जन हो म्हणेपर्यंत, साधारण २-३ आठवडे, सायकल आणि घोडा-घोडा बंद. त्यावरून तो खूप रडला. घरच्यांनी रडू दिलं.