वर्गातील चर्चा आणि इच्छामरणाचा पेच

प्रश्न : अकरावीच्या वर्गात वैद्यकीय नीतीवर चर्चा घेतली, की मुलांचे लगेच दोन तट पडतात. सुरुवात कशी करावी? – एक शिक्षिका

उत्तर : अरुणा शानबाग यांच्या प्रकरणापासून करावी. मुंबईच्या केईएम रुग्णालयातील या परिचारिकेवर १९७३ मध्ये अमानुष हल्ला झाला, त्यात मेंदूला इजा होऊन त्या भान हरपलेल्या अवस्थेत गेल्या आणि २०१५ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्यांची देखभाल तिथेच झाली. त्यांचे अन्न थांबवण्याची मागणी सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये फेटाळली; मात्र त्याच निकालाने जीवरक्षक उपचार थांबवण्याची वाट कडक अटींवर खुली केली. याचिका करुणेपोटी होती आणि त्यांना वर्षानुवर्षे भरवणाऱ्या, अंगावर शय्याव्रण होऊ न देणाऱ्या परिचारिकांचा विरोधही करुणेपोटीच होता, हे मुलांना आवर्जून दाखवावे. मग विचारावे : बोलू न शकणाऱ्या रुग्णाच्या वतीने कोणी बोलावे? आगाऊ वैद्यकीय इच्छापत्राला (पुढे बोलता येईनासे झाले तर कोणते उपचार नकोत, हे आधीच लिहून ठेवण्याला) मान्यता देणारा २०१८ चा निकाल त्यानंतरच सांगावा.